पायाला कळणारं इंजिन

जेमतेम दोन थेंब पेट्रोल. साडेतीनशे सीसीच्या जुन्या बुलेटने छाती भरून श्वास घेतला, तर त्या एका श्वासात पेट्रोल असतं ते एवढंच. वजनाने साधारण २८ मिलिग्रॅम. ते जळलं की बाराशे जूलच्या आसपास उष्णता सुटते. आणि तो श्वास दाबून, कोंडून, पेटण्याच्या तयारीला आणायला लागतात ऐंशी-नव्वद जूल. साठ किलोचा माणूस अर्धा फूट खाली आला तर त्याच्या नुसत्या वजनातून तेवढी ऊर्जा मिळते. हा हिशेब पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा मी बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत बसलो होतो. लोखंडाच्या एवढ्या मोठ्या धुडाला जागं करायला आपल्याकडून मागणं काय, तर अर्धा फूट!

मग वर्षानुवर्षं उभी असलेली बुलेट चालू करताना चांगली धट्टीकट्टी माणसं घामाघूम का होतात? कारण ऊर्जा थोडी लागत असली तरी ती नेमक्या जागी द्यावी लागते, आणि ती जागा दिसत नाही. सिलिंडर बंद, क्रँककेस बंद. आत पिस्टन कुठे थांबलाय, व्हॉल्व्ह उघडे आहेत की मिटलेले, ठिणगी पडतेय की नाही, डोळ्यांना काहीच कळत नाही. कळतं ते पायाला. किक ही ताकद लावायची दांडी आहे असं सगळे समजतात. मला ती आधी आतलं चाचपून पाहायची दांडी वाटते. ताकद हे तिचं नंतरचं काम.

वसई-विरारच्या पश्चिम पट्ट्यात, गास, भुईगाव, गिरीज, नंदाखाल, आगाशी या बाजूला फिरलं की अशा उभ्या गाड्या अजून दिसतात. पडवीच्या कोपऱ्यात, वाडीतल्या छपराखाली, ताडपत्री टाकलेल्या. मालक आखातात नोकरीला गेला, किंवा वय झालं, किंवा लोकलचा पास काढल्यावर गाडीची गरजच उरली नाही. पण वडिलांची गाडी भंगारात घालायला जीव धजत नाही. नंबरप्लेटवर अजून ठाण्याचा एमएच ०४ असतो. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला, आणि वसईच्या गाड्यांवर आज दिसणारा एमएच ४८ त्या प्लेटने कधी पाहिलेलाच नसतो.

या पट्ट्यात गाडी उभी राहणं वेगळं आणि पुण्याला किंवा नगरला उभी राहणं वेगळं. इथे समुद्र जवळ, आणि हवेत मिठाचे बारीक कण कायमचे. मिठाचा एक गुणधर्म विलक्षण आहे: हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा कण हवेतलंच पाणी ओढून घेतो आणि त्यात स्वतः विरघळतो. स्वयंपाकघरातल्या बरणीतलं मीठ पावसाळ्यात पाझरतं ते यामुळेच, आणि वसई-नायगावच्या मिठागरांवर राबलेल्या माणसांना तर हे सांगायलाच नको. जून ते सप्टेंबर इथली हवा बहुतेक वेळ त्या रेषेच्या वरच असते. म्हणजे पावसाचा एक थेंबही अंगावर न घेतलेल्या गाडीवर चार महिने खाऱ्या पाण्याचा न दिसणारा थर बसलेला असतो. आणि तो फक्त बाहेरून बसत नाही.

शेवटच्या दिवशी इंजिन बंद केलं तेव्हा पिस्टन ज्या जागी थांबला, तिथेच तो इतकी वर्षं उभा आहे. त्या क्षणी एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल तर सायलेन्सरच्या नळीतून दमट, खारी हवा सरळ सिलिंडरमध्ये. दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतील तर सिलिंडर जवळजवळ डबाबंद. एकाच गल्लीत, एकाच वर्षी उभ्या केलेल्या दोन गाड्यांपैकी एक सहज उठते आणि दुसरीचा पिस्टन जाम होऊन बसतो, त्यात पुष्कळदा या योगायोगाचा हात असतो. म्हणून जाणकार माणूस गाडी लांब मुदतीसाठी उभी करताना किकने पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून ठेवतो. दोन्ही व्हॉल्व्ह बंद, दार लावून घेतलं.

हे टोक म्हणजे काय, हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण किकची सगळी गंमत तिथे आहे. त्याआधी इंजिनाची थोडी ओळख. ही रॉयल एनफिल्डची बुलेट मूळची इंग्लंडमधल्या रेडिचची. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या भागीदारीतून एनफिल्ड इंडिया उभी राहिली, मद्रासजवळ तिरुवोत्तियूरला कारखाना आला, आणि पुढे अर्ध्या शतकाहून अधिक काळ ओतीव लोखंडी सिलिंडरचं तेच इंजिन थोड्याफार फरकाने बनत राहिलं. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. हिशेब केला की ३४६ सीसी. सिलिंडर एकच, आणि त्याच्या पोटाखाली क्रँककेसमध्ये दोन जाडजूड फ्लायव्हील.

पिस्टन चार धावांत आपलं काम पुरं करतो. पहिल्या धावेत तो खाली जातो आणि कार्बोरेटरमधून हवा-पेट्रोल ओढतो. दुसऱ्या धावेत वर येऊन ते दाबतो; ही धाव संपते तेच ते टोक. तिसऱ्यात ठिणगी पडते, मिश्रण पेटतं आणि पिस्टनला खाली ढकलतं. चौथ्यात तो धूर बाहेर काढतो. निकोलाउस ऑटोने १८७६ मध्ये हे चक्र चालवून दाखवलं, आणि आजही पेट्रोलवर चालणाऱ्या बहुतेक गाड्या त्याच चक्रावर चालतात. या चारांपैकी कमाई करणारी धाव एकच. बाकी तीन धावा त्या एकीच्या कमाईवर जगतात, आणि ती कमाई पुढच्या वेळेपर्यंत जपून ठेवतं ते फ्लायव्हील. चार सिलिंडरच्या मोटारीत कोणतं ना कोणतं सिलिंडर त्या वेळी कमावत असतं. एका सिलिंडरच्या गाडीत तसं कुणी नाही. क्रँकच्या दोन पूर्ण फेऱ्यांत एकच ठोका. बुलेट मंद चालत असताना मिनिटाला सहाशे फेरे धरले तर सेकंदाला पाच ठोके होतात, म्हणजे कानाला एकेक सुटा ऐकू येईल इतके. तो प्रसिद्ध आवाज म्हणजे पाळीपाळीने येणारी कमाई आणि मधली उधारी.

आणि म्हणूनच हे इंजिन स्वतःहून कधीच चालू होऊ शकत नाही. पहिल्या ठोक्याआधीच्या दोन धावा, ओढणं आणि दाबणं, कुणीतरी बाहेरून करून द्याव्या लागतात. त्यानंतर ते तासन् तास आपलं आपण चालेल. पण ती पहिली उधारी माणसाने द्यायची.

वसईच्या वाड्यांना ही गोष्ट मोटारसायकलच्याही आधीपासून ठाऊक आहे. बावखलावर, म्हणजे वाडीतल्या तळ्यावर, आणि विहिरीवर पूर्वी बैलांचे रहाट होते. मग ऑइल इंजिनं आली. पुण्यात १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स कंपनी स्थापन झाली, आणि एका सिलिंडरचं डिझेल इंजिन महाराष्ट्रभर शेतावर पोचलं. ते चालू करायची तऱ्हा पाहिलेली माणसं अजून गावात आहेत: एका हाताने डोक्यावरची डिकॉम्प्रेशनची दांडी धरायची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि दाब तयारच होत नाही, दुसऱ्या हाताने हँडल गरागरा फिरवून फ्लायव्हीलला वेग द्यायचा, वेग पुरेसा झाला की दांडी सोडायची. व्हॉल्व्ह मिटतो, साठलेला वेग हवेला दाबून टाकतो आणि इंजिन धडधडायला लागतं. बुलेटच्या हँडलवर डाव्या बाजूला जो छोटा डिकॉम्प्रेसर असतो तो याच कुळातला. ज्याने पाटाचं पाणी सोडण्यासाठी ऑइल इंजिन फिरवलंय त्याला बुलेटची किक शिकवावी लागत नाही.

मागच्या हिवाळ्यात गिरीजच्या एका वाडीत अशी एक बुलेट उठवली जात असताना मी तिथे होतो. गाडी वाडीच्या मालकाच्या थोरल्या भावाची, भाऊ परदेशी, आणि पुतण्याला ती आता चालवायची होती. पोराने ताडपत्री ओढली, धूळ झटकली आणि थेट किकवर चढायला गेला. गाडी उठवायला बोलावलेल्या मिस्त्रींनी त्याचा दंड धरला. "उतर आधी. तिला विचारल्याशिवाय पाय लावू नकोस." मग त्यांनी पहिलं काम केलं ते प्लग काढण्याचं.

प्लग काढला की सिलिंडर मोकळं होतं आणि दाब उरत नाही. त्या भोकातून मिस्त्रींनी दोन-तीन चमचे तेल सोडलं, डिझेल मिसळलेलं, आणि गाडी तशीच ठेवून दिली. पिस्टनच्या रिंगा ओतीव लोखंडाच्या सिलिंडरला टेकून असतात. गंज चढतो तो नेमका त्या रेषेवर. तेल केसाहून बारीक फटीत मुरतं, पण त्याला वेळ द्यावा लागतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी मधल्या स्टँडवर चढवली, चौथ्या गिअरमध्ये टाकली आणि मागचं चाक दोन्ही हातांनी धरून किंचित पुढे, किंचित मागे हलवलं. चौथ्या गिअरमध्ये चाकाला धरून पिस्टन हलवायला सोपा जातो, आणि हाताला आतला अडथळा जाणवतो. इथे किकवर उड्या मारल्या तर रिंग तुटते, नाहीतर किकचे दाते जातात. थोड्या वेळाने चाक एकदम पुढे सरकलं, प्लगच्या भोकातून काळपट तेलाची चिळकांडी उडाली आणि मिस्त्री नुसतं "हं" म्हणाले.

त्यांनी पोराला जवळ बोलावलं आणि त्याचा अंगठा प्लगच्या भोकावर ठेवायला लावला. चाक फिरवलं. क्रँकच्या एका फेऱ्यात काही नाही. दुसऱ्या फेऱ्यात अंगठा फटकन उडाला. "हे कॉम्प्रेशन. आता हेच पायाने शोधायचं."

पाण्याखाली गेलेल्या गाडीच्या बाबतीत तर प्लग काढणं हा पहिला नियम. जुलै २०१८ मध्ये वसई, नालासोपारा, विरार पाण्यात होतं तेव्हा कित्येक दुचाकी सीटपर्यंत बुडाल्या. हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना कुणी जोरात किक मारली तर पिस्टन त्या पाण्यावर आपटतो, आणि वाकतो तो कनेक्टिंग रॉड. प्लग काढून हळूच फिरवलं की पाणी भोकातून निघून जातं. एवढ्या साध्या गोष्टीवर इंजिनाचं आयुष्य अवलंबून असतं.

आता पेट्रोल. टाकी उघडली की जो आंबूस, वार्निशसारखा वास येतो तो पेट्रोलचा नव्हे, त्याच्या अवशेषांचा. पेट्रोल हा एक पदार्थ नाहीच; शेकडो हायड्रोकार्बनांचं ते मिश्रण आहे, काही फार हलके, काही जड. थंड इंजिनात वाफ होते ती हलक्यांची. आणि टाकीतून सगळ्यात आधी उडून जातात तेही हलकेच. मागे राहतं ते जळतं जरूर, पण गरम इंजिनात. थंड सिलिंडरमध्ये ते थेंबांच्याच रूपात राहतं, आणि द्रव पेट्रोल पेटत नाही, पेटते ती वाफ. उरलेल्याचा हवेशी संयोग होऊन डिंकासारखा थर होतो आणि तो जाऊन बसतो कार्बोरेटरच्या पायलट जेटमध्ये, जिथलं भोक अर्ध्या मिलिमीटरहून लहान.

अलीकडे त्यात इथेनॉलची भर पडली आहे. पंपावर आता मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातलं कितीतरी आपल्याच साखर कारखान्यांच्या उसातून आलेलं. इथेनॉलला पाण्याची ओढ आहे. टाकीच्या झाकणातून दिवसा हवा बाहेर जाते, रात्री गार झाल्यावर आत येते, आणि वसईच्या पावसाळ्यात आत येणारी हवा पाणी घेऊनच येते. इथेनॉल ते पाणी धरून ठेवतं. एका मर्यादेपर्यंत सगळं एकजीव राहतं. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि जड असल्यामुळे टाकीच्या तळाशी जातात. पेट्रोलचा नळ कुठून ओढतो? तळातून. टाकी अर्धी भरलेली दिसते आणि इंजिनाला मिळतं ते इथेनॉल-पाण्याचं मिश्रण. म्हणून जुनं पेट्रोल सगळं काढून टाकायचं, बाटलीत धरून उजेडात पाहायचं, आणि त्यात तळाशी वेगळा थर दिसला की कार्बोरेटर खोलायचा.

गिरीजच्या त्या गाडीच्या कार्बोरेटरच्या तळाशी तपकिरी चिकट साय होती. मिस्त्रींनी जेट काढून उजेडाकडे धरला, एक डोळा मिटला. आरपार उजेड दिसेना. तार घालायचा मोह होतो, पण पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते. त्यांनी तो द्रावणात भिजत टाकला आणि नंतर हवा मारली. पुन्हा उजेडाकडे धरला. सुईच्या टोकाएवढा उजेडाचा ठिपका दिसला. त्या ठिपक्यातून जाणाऱ्या पेट्रोलवर हे सगळं धूड मंद गतीत चालणार होतं. एक लिटर पेट्रोल पूर्ण जळायला नऊ हजार लिटरच्या आसपास हवा लागते. ते प्रमाण कुठल्याही संगणकाशिवाय, नुसत्या त्या भोकाच्या मापाने आणि हवेच्या वेगाने राखायचं.

कार्बोरेटरमध्ये हवेची वाट मध्येच अरुंद केलेली असते. अरुंद जागेत हवेचा वेग वाढतो, वेग वाढला की तिथला दाब कमी होतो, आणि बाहेरच्या हवेचा दाब पेट्रोलला जेटमधून वर ढकलतो. म्हणजे पेट्रोल ओढलं जातं ते हवेच्या वेगाने. किक हळू मारली तर हवा संथ, आणि पेट्रोल वर चढतच नाही. चोक लावतात तो यासाठीच, की थंड इंजिनात थोडी हलकी वाफ तरी पुरेशी व्हावी म्हणून मिश्रणात पेट्रोल मुद्दाम जास्त ठेवायचं.

वेग हवा याचं आणखी एक कारण आहे, आणि ते मला सगळ्यात सुंदर वाटतं. बुलेट आपला श्वास साधारण साडेसहा पट दाबते. हवा इतकी दाबली आणि तिची उष्णता कुठेच गेली नाही, तर ३० अंशांची हवा नुसत्या दाबण्याने साडेतीनशे अंशांच्या पुढे जाते. अजून आग लागलेली नाही, ठिणगीही पडलेली नाही. तापली ती पायाच्या जोराने. पण भोवती थंड लोखंड आहे. हळू दाबलं तर ते लोखंड उष्णता पिऊन टाकतं आणि रिंगांच्या फटीतून हवाही निसटते. झटक्यात दाबलं तर दोन्हींना वेळ मिळत नाही. किक जोरात मारायची ती यासाठी, दांडीला धडा शिकवायला नव्हे.

राहिली ठिणगी. जुन्या बुलेटमध्ये बॅटरीचा प्रवाह कॉइलमधून जातो आणि तिथे चुंबकीय क्षेत्र तयार होतं. मग पॉइंट उघडतात, प्रवाह तुटतो, क्षेत्र कोसळतं, आणि कोसळणारं क्षेत्र कॉइलच्या हजारो वेढ्यांमध्ये दहा-पंधरा हजार व्होल्टचा दाब उभा करतं. बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून वीज निघते हे मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं होतं. ६ किंवा १२ व्होल्टच्या बॅटरीतून हे सगळं येतं ते पॉइंटच्या दोन इवल्याशा धातूच्या ठिपक्यांच्या उघडझापीवर, आणि उभ्या गाडीत त्या ठिपक्यांवर चढतो ऑक्साइडचा पापुद्रा. प्रवाहच गेला नाही तर तुटणार काय? मिस्त्रींनी पॉलिश पेपरची बारीक पट्टी पॉइंटच्या फटीत घातली, दोनदा ओढली, कोऱ्या कागदाने पुसली. प्लग हेडवर टेकवून किक दाबली तर आधी पिवळसर, मलूल ठिणगी पडली होती. आता निळी पडली, आणि टिक् असा आवाज आला. तरीही त्यांनी नवा प्लग लावला. त्यांचं बरोबर होतं. दाबलेल्या हवेतून ठिणगी पडायला उघड्या हवेपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे बाहेर चमकणारा प्लग आत मुका राहू शकतो.

बॅटरी मेली असेल तर या गाडीत ठिणगीच नाही. ती आधीच चार्ज करून बसवली होती. तेलाचंही एक काम असतं: बुलेटमध्ये तेलाची टाकी क्रँककेसच्या अंगातच असते, आणि गाडी बरीच वर्षं उभी राहिली की तेल पंपातून हळूहळू झिरपून फ्लायव्हीलच्या तळघरात साठतं. तसंच चालू केलं तर फ्लायव्हील तेलात लडबडतात आणि मागे पांढऱ्या धुराचा लोट. खालचा बोल्ट काढून ते सोडून दिलं, नवं तेल भरलं. क्लच दाबून नुसती किक फिरवून एकमेकींना चिकटलेल्या क्लच प्लेटाही सोडवल्या.

आता खरी किक. मिस्त्रींनी पोराला बूट घालायला पाठवलं; चपलेवर त्यांनी त्याला किकजवळ येऊ दिलं नाही. चावी फिरवली आणि म्हणाले, "पायाकडे बघू नकोस. काटा बघ."

हेडलाइटच्या वरच्या टोपात अँमीटर असतो. पॉइंट मिटलेले असले की कॉइल प्रवाह खाते आणि काटा उणे बाजूला झुकतो. उघडले की काटा मधोमध परततो. पॉइंट उघडतात ते क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा, आणि तेही दाबण्याची धाव संपायच्या बेतात असताना. म्हणजे हेडलाइटवरचा तो काटा बंद सिलिंडरमधल्या पिस्टनची जागा सांगतो! पोराने किक हळूच दाबत नेली. काटा झुकलेला होता. पाय जड झाला, एका जागी अडला, आणि त्याच वेळी काटा मध्यावर आला. डोळा आणि पाय दोघांनी एकच गोष्ट सांगितली. डाव्या हाताने डिकॉम्प्रेसर दाबून त्याने किक अगदी थोडी पुढे सरकवली, सोडून दिली, दांडी परत वर आली.

हे कशासाठी? आता पिस्टन त्या टोकाच्या जरा पलीकडे आहे. पुढचं टोक गाठायला क्रँकला जवळजवळ दोन फेरे मिळतील, आणि तेवढ्या वेळात फ्लायव्हील वेग घेईल. लांब उडी मारणारा मागे जाऊन धाव घेतो, तसंच हे. टोकाच्या अलीकडून किक मारली तर पाय सरळ दाबावर आपटतो. शिवाय वेग कमी असताना ठिणगी टोकाच्या आधी पडली तर आग पिस्टनला उलट ढकलते आणि दांडी पायावर झेपावते. जुन्या बुलेटच्या अशा उलट्या किकने घोटे मोडलेली माणसं प्रत्येक तालुक्यात आहेत. कमी वेगात ठिणगी उशिरा पडावी म्हणून आत वजनं आणि स्प्रिंगा असतात. वर्षानुवर्षांच्या गंजाने त्या अडकलेल्या असू शकतात, हेही मिस्त्रींनी आधीच पाहून घेतलं होतं.

किक ही कल्पना आल्फ्रेड अँगस स्कॉट या इंग्रज अभियंत्याच्या नावावर सांगतात. त्याच्या मोटारसायकली १९०८ पासून बाजारात आल्या. म्हैसूरच्या आयडियल जावाने बनवलेल्या येझदीत तर गिअरची दांडी आणि किकची दांडी एकच होती, आत दाबून वर वळवली की किक. आणि एक गोष्ट मला नेहमी थक्क करते: बॅटरी, कॉइल आणि पॉइंटची जी ठिणगी बुलेटला जगवते, तिला व्यवहारात आणणारा चार्ल्स केटरिंग, आणि १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत विजेचा स्टार्टर बसवून हँडल मारणं संपवणाराही तोच. मोटारसायकलवर त्या बटणाला यायला फार वेळ लागला. रॉयल एनफिल्डच्या २०२० नंतरच्या नव्या ३५० सीसी इंजिनांना किक उरलेली नाही. त्या गाड्या चांगल्या आहेत, सोयीच्या आहेत. पण त्यांच्यात माणसाला आतला दाब पायाने जोखायची सोय नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पोराने सगळं वजन उजव्या पायावर टाकलं. फुस्स झालं. पुन्हा काटा पाहिला, पुन्हा जागा धरली. या वेळी एक ठोका पडला आणि विझला. मिस्त्रींनी चोक अर्धा केला. पुढच्या किकला पाय खालपर्यंत गेला आणि गाडी पडवीबाहेरच्या अंगणात धडधडायला लागली. अंगणात आधीच ओढून आणली होती, कारण बंद जागेतला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. सायलेन्सरमधून गंजाचा लाल धुरळा, मग तेलाचा धूर, मग हळूहळू काही नाही.

मिस्त्री मात्र आवाजाकडे लक्ष देत नव्हते. हेडकडे तेल नेणाऱ्या बारीक नळीचा नट त्यांनी किंचित सैल केला आणि तिथून तेल पाझरतं का ते पाहिलं. ते आलं, तेव्हा कुठे त्यांनी नट आवळला. तेल वर चढलं नसतं तर त्यांनी लगेच इंजिन बंद केलं असतं, सगळे टाळ्या वाजवत असतानाही. मग त्यांनी थोडा थ्रॉटल दिला आणि अँमीटर पाहिला. काटा अधिक बाजूला सरकला होता: गाडी आता बॅटरीचं खात नव्हती, तिला परत देत होती.

पुढची कामं रुक्ष आहेत आणि ती टाळू नयेत. टायर वर्षांनी कडक होतात, खोल नक्षी असली तरी बदलावेत. ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटलेले असतात. कायद्याने खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. ते झाल्याशिवाय, विमा आणि पीयूसी काढल्याशिवाय रस्त्यावर आणू नये. आणि पहिले पन्नास-शंभर किलोमीटर झाले की नवं भरलेलं तेल पुन्हा सोडून द्यावं. सिलिंडरचा सगळा सुटा गंज त्या पहिल्या तेलातून येतो. पांढऱ्या फडक्यातून ते गाळलं की कणांच्या रंगावरून आणि आकारावरून कळतं की आत नुसता वरवरचा गंज होता, की सिलिंडर बोअर करायला लेथवाल्याकडे न्यावं लागणार आहे.